उठून जाणारा वाचक

लिखाण वाचनीय कसे करावे यावर जे मार्गदर्शनपर लिखाण मिळते ते सहसा वाचवत नाही. त्यातले सल्ले ठरलेले असतात. वाक्ये छोटी ठेवा, शब्द सोपे वापरा, परिच्छेद आटोपशीर करा, मध्ये मध्ये उपशीर्षके द्या. हे सारे पाळून लिहिलेला मजकूर आपल्या रोज नजरेसमोर असतो. बँकेच्या माहितीपत्रकातली वाक्ये छोटी असतात, विमा पॉलिसीत चार-चार ओळींवर उपशीर्षके असतात, आणि सरकारी दवाखान्यातल्या भित्तिपत्रकात तर वाक्येच नसतात, नुसते ठिपके असतात. माणूस हे सगळे वाचतो, नाही असे नाही. पण आपला नंबर पुकारला जाईपर्यंतच. उलट ज्यात सव्वा पानाचे वाक्य आहे असे एखादे जुने पुस्तक माणसे रात्री जागून वाचतात. तेव्हा रोगाचे निदान कुठेतरी चुकले आहे. वाचनीयता वाक्याच्या लांबीत किंवा शब्दाच्या सोपेपणात नसते. लिहिणाऱ्याला वाचक मध्येच उठून जाण्याची भीती किती खरी वाटते, यावर ती ठरते. जिथे वाचक कोणत्याही क्षणी उठू शकतो तिथे गद्य अंग चोरून, ताठ बसते. जिथे वाचक अडकलेला असतो तिथे गद्याला पोट सुटते.

याचा सर्वांत जुना आणि सर्वांत पक्का पुरावा आपल्या कीर्तनात आहे. नारदीय कीर्तनाची मांडणी नीट पाहिली तर ती अध्यात्माइतकीच व्यवहाराचीही जाण असलेल्या माणसांनी केली आहे, हे लक्षात येते. आधी पूर्वरंग. त्यात अभंग घेऊन निरूपण, म्हणजे जड भाग. मग मध्यंतर, हार, बुक्का, नामाचा गजर. आणि त्यानंतर उत्तररंगात आख्यान, म्हणजे गोष्ट. गोष्ट शेवटी ठेवली आहे, कारण गोष्ट आधी सांगितली तर निरूपणाला मागे टेकलेले चार आजोबा आणि झोपलेली लहान मुले एवढेच श्रोते उरतील. शिवाय निरूपण चालू असतानाही बुवांची नजर सतरंजीच्या मागच्या कडेवर असते. तिकडे चुळबुळ सुरू झाली की द्वैत-अद्वैत जिथे असेल तिथे सोडून ते एखादा दृष्टांत घालतात, चाल बदलतात, नाहीतर सरळ विठ्ठलाचा गजर करतात. हे चातुर्य कुठून येते? आरती शेवटी असते आणि तबकही शेवटीच फिरते. जो मध्येच उठला त्याचा रुपया त्याच्याबरोबर घरी गेला. शिवाय याच देवळात पुढच्या वर्षी पुन्हा उभे राहायचे असते. ज्या लेखकाचे तबक वाचकाच्या हाताखालून फिरत नाही, त्याला हे शहाणपण पुस्तकातून शिकावे लागते, आणि ती पुस्तके कशी असतात ते वर आलेच.

मराठी गद्याचा पायाच अशा उठून जाऊ शकणाऱ्या श्रोत्यांवर घातला गेला आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसांना विचारून विचारून गोळा केल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केले. त्यातली वाक्ये चार-पाच शब्दांची आहेत, कोण आले, काय म्हणाले, मग काय झाले, एवढाच मामला आहे, आणि सातशे वर्षांनंतरही तो रोखठोकपणा ताजा वाटतो. त्याच महानुभाव पंथातल्या नागदेवाचार्यांनी संस्कृतात लिहायला निघालेल्या विद्वान शिष्याला अडवले. कारण दिले ते असे की, तसे केले तर माझ्या म्हाताऱ्या बायकांना काही मिळायचे नाही. लेखनविषयक सल्ला म्हणून याच्या जवळ जाणारे दुसरे काही मला माहीत नाही. शब्द सोपे ठेवा, असे ते म्हणाले नाहीत. कोण वाचणार आहे त्याचे तोंड डोळ्यांसमोर आणा, असे म्हणाले. आणि यातून लिखाण आखूडच झाले पाहिजे, असेही नाही. गीतेचे श्लोक सातशे. ते समजावून देताना ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये नेवाशाला नऊ हजारांवर ओव्या सांगितल्या. आजचा एखादा मार्गदर्शक असता तर त्याने सातशेचे सत्तर केले असते, आणि सोबत 'गीतेचे दहा मुद्दे' असा तक्ता दिला असता. ज्ञानेश्वरांनी उलट केले, दृष्टांतामागून दृष्टांत रचत मजकूर तेरापट वाढवला आणि त्यामुळेच तो सोपा झाला. फक्त मधून मधून समोरच्या श्रोत्यांकडे वळून ते लक्ष मागत राहिले. नववा अध्याय तर त्या मागणीनेच सुरू होतो.

आता जिथे वाचकाला जागचे हलता येत नाही त्या प्रांतात या. शासन निर्णय, म्हणजे ज्याला सगळा महाराष्ट्र जीआर म्हणतो, तो समोर घ्या. वर विषय, त्याखाली शासन, त्याखाली विभाग, क्रमांक, मंत्रालयाचा पत्ता, तारीख. मग 'वाचा' अशा शीर्षकाखाली पूर्वीच्या सात-आठ शासन निर्णयांची यादी. सबंध कागदात हाच भाग कोणी वाचत नाही. मग 'प्रस्तावना'. हिच्यात शासनाला हा निर्णय का घ्यावासा वाटला, त्याआधी कोणता घेतला होता, त्यात कोणती सुधारणा करण्याची बाब शासनाच्या विचाराधीन होती, हे सारे बहुधा एकाच वाक्यात येते. मग कुठे 'शासन निर्णय'. त्यानंतर कागद संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचे, संकेतांकाचे आणि डिजिटल स्वाक्षरीचे वाक्य, मग राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने अवर सचिवांची सही, आणि अखेर प्रती कोणाकोणाला गेल्या त्याची यादी. ती राज्यपालांच्या सचिवांपासून निघते आणि महालेखापालांना गाठून निवडनस्तीत जाऊन विसावते. ज्या शिक्षकाची वेतनश्रेणी या कागदाने बदलणार आहे तो मोबाइलवर अंगठ्याने सरसर वर ढकलत तिसऱ्या पानावरच्या आपल्या दोन ओळींपर्यंत पोचतो. त्याला वाचणे टाळता येत नाही, म्हणून त्याची कोणी पर्वाही करत नाही. मजकुरात कर्ताही नसतो. निर्णय घेण्यात येत आहे, कार्यवाही करण्यात यावी, अहवाल सादर करण्यात यावा. जणू मंत्रालयाच्या कुठल्याच मजल्यावर माणूस नाही, कामे आपली आपणच होताहेत.

हेच बीज गृहनिर्माण संस्थेच्या काचेच्या फळ्यावर रुजलेले दिसते. नमुना सर्वांच्या ओळखीचा आहे. 'सर्व सन्माननीय सभासदांस या नोटिशीद्वारे कळविण्यात येते की, व्यवस्थापक समितीच्या मासिक सभेत सर्वानुमते संमत झालेल्या ठरावास अनुसरून गच्चीवरील पाण्याच्या टाक्यांच्या साफसफाईचे काम हाती घेण्यात येणार असल्याने, उद्या सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत पाणीपुरवठा बंद राहील, याची सर्वांनी कृपया नोंद घ्यावी.' या वाक्यातली बातमी चाळीस शब्दांच्या टोकाशी, 'कृपया' या शब्दाच्या जरा अलीकडे दडून बसली आहे. तीच बातमी खालचा वॉचमन लिफ्टचे दार बंद होता होता देतो. उद्या पाणी नाही, टाकी धुणारेत, बादल्या भरून ठेवा. संक्षेप, क्रम आणि वाचकाने पुढे काय करायचे, तिन्ही गोष्टी यात आल्या. वॉचमनने लेखनकलेचा अभ्यासक्रम केलेला नाही. त्याच्यासमोर दार बंद होत होते, इतकेच.

पण इथे ती नोटीस लिहिणाऱ्या चिटणीसांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ते काही भाषेचे वैरी नव्हेत. घरी बायकोला त्यांनी हीच बातमी वॉचमनच्याच थाटात दिली असणार. फळ्यावर लिहिताना मात्र त्यांच्या डोळ्यांसमोर तिसऱ्या मजल्यावरचे ते एक सभासद असतात. वार्षिक सभेत उभे राहून 'हे कोणी ठरवले, कोणत्या सभेत, ठराव कुठे आहे' असे विचारणारे. ठराव, सभा, सर्वानुमत हे सगळे शब्द त्या गृहस्थांसाठी घातलेले आहेत. म्हणजे आपला सिद्धान्त थोडा सुधारून घ्यायला हवा. रटाळ लिहिणाऱ्यालाही भीती असते, फक्त ती भलत्याच माणसाची असते. शासन निर्णय लिहिणारा शिक्षकाला भीत नाही, महालेखापालांना भितो. विमा पॉलिसी लिहिणारा ग्राहकाला भीत नाही, कोर्टाला भितो. पीएच.डी.चा प्रबंध परीक्षकाच्या भीतीने लिहिलेला असतो, आणि परीक्षकाला वाचण्याचे मानधन मिळते. पैसे देऊन वाचून घ्यावे लागणारे गद्य म्हणजे काय असते याची कल्पना ज्यांनी प्रबंध चाळले आहेत त्यांना आहे. मराठी समीक्षा तर दुसऱ्या समीक्षकाच्या भीतीनेच लिहिली जाते, आणि तो दुसरा समीक्षकही ती वाचत नाही, फक्त आपले नाव आले आहे का ते बघतो.

उठू शकणाऱ्या वाचकाचे सर्वांत मोठे हाल मराठी वाक्यरचनेत होतात, आणि त्याचे कारण व्याकरणातच आहे. आपले क्रियापद शेवटी येते. कर्ता पहिल्या ओळीत भेटतो आणि तो काय करतो हे पूर्णविरामाच्या दाराशी कळते. मधली सगळी वाट वाचकाने त्या कर्त्याला सांभाळत काढायची. वाक्य दहा शब्दांचे असेल तर हरकत नाही. पण 'असून', 'असल्याने', 'करून', 'घेता' अशा धातुसाधितांच्या थांब्यांवर थांबत थांबत वाक्य निघाले की वाचकाची गत एसटी स्टँडवर दोन्ही हातांत बोचकी धरून उभ्या असलेल्या उतारूसारखी होते. गाडी येते आहे असे दर पाच मिनिटांनी वाटते, तो बोचकी उचलतो, आणि ती गाडी दुसऱ्याच गावाची निघते. चांगला लिहिणारा लांब वाक्यही लिहितो, पण वाटेत वाचकाला ओझी खाली ठेवायला जागा देतो. एक अर्थ पुरा होतो, मग दुसरा त्याला जोडून घेतला जातो. पूर्णविराम तेवढाच कामाचा. तो आपल्याकडे उशिरा आला. मोडीत शब्दाला शब्द चिकटून चाले आणि थांबायचे कुठे हे वाचणाऱ्याने ठरवायचे असे. इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे मराठीत रुळवण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर कँडीसाहेबांकडे जाते. पूर्णविराम एका लष्करी अधिकाऱ्याने आणला असल्यामुळेच की काय, आपल्या कचेऱ्यांत तो अजूनही वरिष्ठांच्या परवानगीशिवाय वापरत नाहीत.

या सिद्धान्तावर पहिला आक्षेप शब्दांवरून येतो. कठीण शब्दांनी वाचक पळतो, म्हणून शब्द सोपे हवेत. या आक्षेपाला उत्तर द्यायला कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' पुरे आहे. १९७० साली आलेल्या या पुस्तकाच्या लाखांवर प्रती खपल्या, आणि परदेशी निघालेल्या कितीतरी मुलामुलींच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी त्याने जागा पटकावली. पाककृतीची भाषा परिभाषेने भरलेली असते. मोहन, आधण, फोडणी, एकतारी पाक. ज्याने आयुष्यात चहादेखील केलेला नाही त्याला ही परिभाषा मंत्रालयाइतकीच परकी. तरी तो अडत नाही, कारण कमलाबाईंनी वाचक नेमका ओळखला होता. त्याचे हात पिठात आहेत, गॅस पेटलेला आहे, आणि घरात ताजवा नाही. म्हणून त्यांनी ग्रॅम आणि औंस सोडून मापे वाटीची आणि चमच्याची दिली. आधी करायचे ते आधी आले, नंतरचे नंतर. तेल तापल्यावर 'तत्पूर्वी कांदा चिरून घेतलेला असावा' हे कळले तर काय होते ते सर्वांना माहीत आहे. हल्ली पाककृतीच्या व्हिडिओत आधी बाईंच्या आजीच्या अंगणाची, पारिजातकाची आणि पहिल्या पावसाची हकीकत येते आणि सहाव्या मिनिटाला कढई दिसते. शब्द सगळे सोपे असतात. कढई मात्र सहाव्या मिनिटाला.

दुसरा आक्षेप असा की, आजच्या माणसाला धीरच उरलेला नाही, तेव्हा सगळे लिखाण आता बोटभरच हवे. हे तितकेसे खरे नाही. 'मृत्युंजय' कादंबरी १९६७ मध्ये आली, ती हातात धरायला मनगटात ताकद लागते, आणि तिच्या आवृत्त्या अजून निघतात. त्याच्याही मागे जायचे तर १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली. शास्त्रीबोवांचे वाक्य एकदा निघाले की इंग्रजी आणि संस्कृत या दोन्ही नद्यांत स्नान करून, दोन-तीन प्रतिपक्ष्यांना टोले देऊन मगच घरी परत येते. ते मासिक लोक वर्गणी भरून घेत आणि वाचत. कारण सरळ आहे. पुढच्या पानावर आता कोणाची धडगत नाही, ही उत्सुकता त्यांनी कधी विझू दिली नाही. (ज्यांची धडगत नव्हती त्यांत लोकहितवादी आणि जोतीराव फुलेही होते, आणि तिथे शास्त्रीबोवांची मते वाचवत नाहीत, पण गद्य वाचवते, ही अडचण मान्य केली पाहिजे.) आजही ज्या काकांना वर्तमानपत्रातला अग्रलेख लांब वाटतो तेच काका गुळवेलीच्या काढ्यावरचा हजार शब्दांचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश शेवटच्या नमस्कारापर्यंत वाचतात आणि वर सहा जणांना पाठवतात. काकांना तो मजकूर आपल्या गुडघ्याविषयी आहे असे वाटते. धीर संपलेला नाही, तो माणूस आता परक्यांवर खर्च करत नाही.

तिसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. वाचक उठून जाईल या भीतीने लिहायचे ठरवले तर लेखक वाचकाचा पदर धरणारच, आणि मग 'या भाजीचे नाव ऐकून थक्क व्हाल' अशी शीर्षके जन्माला येणार. ती येताहेत, हे खरे. वाचक चार जाहिराती ओलांडून शेवटच्या परिच्छेदात पोचतो आणि ती भाजी दुधी निघते. पण हा भीतीचा दोष नव्हे, ही भीतीपासून काढलेली पळवाट आहे. असे लिहिणाऱ्याला वाचक जाण्याचे दुःखच नसते. त्याला वाचक आत आल्याचे पैसे मिळतात, राहिल्याचे नाही. याच्या शेजारी ६ जुलै १८९७ चा 'केसरी' ठेवून पाहा. २२ जूनला पुण्यात प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली होती, सरकार बिथरले होते, आणि टिळकांच्या अग्रलेखाचे शीर्षक होते 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' लक्ष वेधून घेण्यात हे शीर्षक दुधीच्या बातमीला हरवील. फरक असा की, खाली त्या प्रश्नाची तड लावलेली आहे. आणि ज्या भलत्या वाचकाच्या भीतीने चिटणीस वाक्य लांबवतात तो वाचक टिळकांच्या बाबतीत खरोखरच उशाशी बसलेला होता. देशी वर्तमानपत्रांची भाषांतरे करवून वाचणारी सरकारी कचेरी होती. त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली, १९०८ मध्ये सहा वर्षांची हद्दपारी, मंडालेला. इतके भय असताना त्यांनी 'डोके ठिकाणावर नसल्याची बाब निदर्शनास येत आहे' असे लिहिले नाही. गावच्या पारावर एक जण मोठ्याने वाचणार आणि बाकीचे ऐकणार, हा वाचक त्यांनी धरला होता आणि तो सरकारसाठी सोडला नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत जास्तीत जास्त आवाज चढतो. मंडालेला कोणी पाठवत नाही.

राहिला शेवटचा आक्षेप, तो कायद्याचा. सरकारी कागदात काटेकोरपणा हवा, मोघम लिहून चालत नाही, उद्या त्यावर कोर्टात वाद होतो. हे पूर्ण मान्य. पण काटेकोरपणाने कधी कोणाला क्रम बदलू नका असे सांगितलेले नाही. निर्णय पहिल्या ओळीत आला म्हणून तो कमी निर्णय होत नाही, आणि संदर्भांची यादी शेवटी गेली म्हणून जुने निर्णय रागावून रद्द होत नाहीत. न्यायालयाला ज्याची गरज आहे ते सगळे ठेवा, फक्त ज्याची वेतनश्रेणी बदलली आहे त्याला ती आधी सांगा. तेव्हा मंत्रालयातल्या संबंधित कक्ष अधिकाऱ्यांना विनंती की, आधी निर्णय, मग कारण, मग संदर्भ असा क्रम त्यांनी एकदा करून पाहावा. यासाठी समिती नको, अभ्यासगट नको, निधीची तरतूद नको. एक शासन निर्णय मात्र काढावा लागेल. त्याची प्रस्तावना तेवढी शेवटी टाकावी.